फुटतूट नको, केरही नको: गोव्यातून परदेशी माल पाठवताना पॅकिंग कसं करावं

"माल परदेशी पाठवायचाय, पण प्लास्टिक नको. काय करू?" हा प्रश्न मला इतक्या जणांनी विचारलाय की म्हटलं, एकदाच सगळं सविस्तर लिहून टाकावं. मी डिचोलीजवळ राहते. मातीच्या आणि करवंटीच्या वस्तू बाहेर पाठवते, महिन्याला पंधरा-वीस पेट्या. कंटेनर भरून माल पाठवणाऱ्यांना यातलं थोडंच उपयोगी पडेल. ज्यांची पहिली पेटी अजून जायची आहे, त्यांच्यासाठी हे आहे.

पॅकिंग पर्यावरणाला धरून आहे की नाही, याचा निकाल दोन ठिकाणी लागतो: वाटेत, आणि पेटी उघडली जाते त्या घरात. वाटेत समई फुटली, तर तिची माती, भट्टीचं लाकूड, विमानाचं इंधन सगळं वाया जातं आणि वर दुसरी समई पाठवावी लागते. समई शाबूत पोहोचली, पण पेटीतून असं काही निघालं की उघडणाऱ्याला ते कुठल्या डब्यात टाकायचं तेच कळेना, तर ते सरळ कचऱ्यात जातं. मग त्यावर कितीही हिरवी पानं छापलेली असोत.

कागदपत्रांचं आधी उरकून घेऊ. डीजीएफटीचा, म्हणजे केंद्राच्या परकीय व्यापार महासंचालनालयाचा, आयईसी (आयात-निर्यात) क्रमांक काढा (ऑनलाइन, पॅनवर, फी ५०० रुपये), बँकेकडून एडी कोड (परकीय चलनाचा व्यवहार करणाऱ्या शाखेचा क्रमांक) घेऊन तो कस्टम्सकडे नोंदवा, जीएसटीत असाल तर एलयूटी, म्हणजे कर न भरता निर्यात करण्याचं हमीपत्र, भरा. छोट्या पेट्यांसाठी टपाल खात्याने २०२२ च्या अखेरीस डाक घर निर्यात केंद्रं सुरू केली. जवळच्या मोठ्या पोस्टात चौकशी करा. फेणी पाठवायची असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि आधी अबकारी खात्यात जाऊन या.

पायरी १: आधी देश, मग खोका

माझी ऑस्ट्रेलियाला गेलेली पहिली पेटी. आत मातीच्या सहा समया, आणि भरण म्हणून भाताचा पेंढा. आमच्या घरी काचेची, चिनीमातीची भांडी पेंढ्यातच बांधून ठेवायचे. माळ्यावरून उतरवली की घरभर गवताचा वास. मला वाटलं, याहून नैसर्गिक काय असणार? बाहेरचा खोका मानकुराद आंब्यांचा, धडधाकट, एकदाच वापरलेला. तेव्हा स्वतःची पाठ थोपटून घेतली होती.

पेटी तिथल्या क्वारंटाइनमध्ये अडकली. परत पाठवण्याचा खर्च द्या, नाहीतर नष्ट करतो, असा निरोप आला. परतीचा खर्च सहा समयांच्या किमतीहून जास्त होता, त्यामुळे त्या तिथेच गेल्या. चूक सगळी माझी. पेंढा, सुकं गवत, तूस आणि फळं-भाज्यांचे वापरलेले खोके ऑस्ट्रेलिया पॅकिंग म्हणून चालवून घेत नाही. कारण साधं आहे: पेंढ्यात भाताचा एखादा दाणा राहतो, तणाचं बी राहतं, किडीची अंडी राहतात. न्यूझीलंडही याबाबतीत तेवढाच कडक. मालाला चिकटलेली ओली माती, करवंटीला राहिलेली शेंडी, हेही तिथे अडतं. म्हणून करवंटीची वस्तू आतून-बाहेरून घासून, उन्हात वाळवूनच पेटीत जायला हवी.

म्हणजे नैसर्गिक ते सगळं चालतं, हा समज दारातच सोडून या.

लाकडाचंही तसंच. लाकडी क्रेट किंवा पॅलेट (माल रचायची फळ्यांची चौकट) वापरणार असाल तर आयएसपीएम १५ हा शब्द पाठ करा. हा २००२ सालचा आंतरराष्ट्रीय नियम. लाकडातली कीड देशोदेशी पसरू नये म्हणून लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला सलग ३० मिनिटं तापवावं लागतं आणि त्यावर शिक्का मारावा लागतो: गव्हाच्या ओंबीसारखं चिन्ह, देशाचा कोड, प्रक्रिया करणाऱ्याचा क्रमांक आणि शेवटी दोन अक्षरं. 'एचटी' म्हणजे उष्णतेने केलेलं, 'एमबी' म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेलं. हा वायू ओझोनच्या थराला मारक. युरोपीय संघात त्याचा वापर २०१० पासून बंद आहे. पैसे देऊन करून घेतच आहात तर एचटीच मागा. शिक्का असलेलं जुनं पॅलेट पुन्हा वापरता येतं, पण त्यातली एखादी फळी गावच्या सुताराकडून बदलून घेतली की हिशेब बिघडतो. नवी फळीही प्रक्रिया केलेली आणि शिक्क्याची लागते.

यातून सुटका हवी असेल तर प्लायवूड वापरा. प्लायवूड, ६ मिलिमीटर किंवा त्याहून पातळ लाकूड आणि लाकडाचा तलम कीस यांना हा नियम लागत नाही. माझ्यासारख्या छोट्या माणसाने तर लाकडाच्या वाटेला जाऊच नये. दहा-बारा किलोपर्यंत पुठ्ठा पुरतो.

पायरी २: मालाला काय सोसत नाही ते ओळखा

मातीच्या वस्तूला धक्का सोसत नाही. कागदी, कापडी वस्तूला ओल. खाण्याच्या वस्तूला ओल आणि हवा दोन्ही. एवढी विभागणी सुरुवातीला पुष्कळ झाली.

काजूवाल्यांना एक स्पष्ट सांगते, राग मानू नका. काजूगर नुसत्या कागदी पिशवीत घालून परदेशी पाठवू नका. फोटोत ती पिशवी फार छान दिसते, पण काजूत तेल असतं. हवा लागली की खवट होतो, दमट हवेत मऊ पडतो. काजूचा निर्यात व्यापार पूर्वापार ११.३४ किलोच्या, म्हणजे २५ पौंडांच्या, पत्र्याच्या डब्यांतून चालला. आता त्याच मापाच्या हवाबंद पिशव्या पुठ्ठ्याच्या खोक्यात जातात, आत हवेऐवजी निष्क्रिय वायू भरून. डबा काय, पिशवी काय, दोन्हींचा हेतू हवा बाहेर ठेवण्याचा. इथे प्लास्टिक लागणार असेल तर लागू द्या, फक्त ते एकाच जातीचं घ्या. कागद, ॲल्युमिनियम आणि प्लास्टिक एकमेकांना चिकटवून केलेली चकचकीत पाकिटं वेगळी करता येत नाहीत, म्हणून त्यांचा पुनर्वापरही जवळजवळ होत नाही. छोट्या भेटवस्तूसाठी पत्र्याचा डबा उत्तम: वजन वाढतं, पण तो घरात मसाल्याला ठेवला जातो.

आमसुलं, खोल्याची मिरची, पापड यांनाही हाच नियम. आणि खाण्याच्या कुठल्याही वस्तूला वर्तमानपत्र लावू नका. छपाईची शाई अन्नात उतरते म्हणून एफएसएसएआयनेही (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाने) ते बजावलं आहे.

पायरी ३: खोका लहान घ्या, अगदी पैशाच्या दृष्टीनेसुद्धा

विमानाने जाणाऱ्या पेटीचं भाडं नुसत्या वजनावर ठरत नाही. खासगी कुरियर लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरमध्ये गुणून ५००० ने भागतात. येणारा आकडा आणि काट्यावरचं वजन, यात जे जास्त त्याचे पैसे. म्हणजे ३ किलोची समई ४० × ३० × ३० च्या खोक्यात घातली तर ७.२ किलोचे पैसे भरता. तीच ३२ × २४ × २२ मध्ये नीट बसवली तर साधारण ३.४ किलोचे. अर्ध्याहून जास्त पैसे हवेचे होते! खोका लहान झाला की पुठ्ठा कमी, भरण कमी, विमानातली जागा कमी. पर्यावरण आणि गल्ला एकाच बाजूला उभे राहण्याची वेळ क्वचित येते, ती दवडू नका.

आता खोक्याची भाषा. थ्री प्लाय म्हणजे दोन सपाट कागद आणि मधे एक नागमोडी. फाइव्ह प्लाय म्हणजे तीन सपाट, दोन नागमोडी. माझा ठोकताळा असा: फुटणारी वस्तू नसेल आणि वजन चार-पाच किलोंच्या आत असेल तर थ्री प्लाय, फुटणारी असेल तर आत थ्री प्लाय, बाहेर फाइव्ह प्लाय. बनवणाऱ्याकडे गेलात की तो जीएसएम आणि बीएफ विचारेल. जीएसएम म्हणजे एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम, बीएफ म्हणजे तो फाटायला किती जोर लागतो. आकडे पाठ नसले तर संकोच करू नका. "आत अमुक किलोची मातीची वस्तू, विमानाने जर्मनीला" एवढं सांगितलंत की चांगला बनवणारा स्वतःच कागद सुचवतो. कुंडई, वेर्णा, तिवी या औद्योगिक वसाहतींत फिरून चौकशी करा. पहिल्यांदा शंभर खोक्यांची ऑर्डर घेणारा मिळायला थोडी पायपीट करावी लागते. खोका पिना मारलेला नको, चिकटवलेला मागा. इथल्या हवेत पिना महिन्याभरात गंजतात आणि गंजाचे डाग मालावर उतरतात.

पुनर्वापरातला कागद घ्या, पण बाहेरचा थर मजबूत हवा. कागदाचे धागे दर फेरीत आखूड होतात, त्यामुळे शंभर टक्के जुन्या कागदाचा खोका वजनाखाली लवकर बसतो.

आणि हो, बारमधले रिकामे खोके! गोव्यात हवे तितके फुकट मिळतात, धडधाकट असतात, आत बाटल्यांचे कप्पेसुद्धा असतात. ते बाहेरचा खोका म्हणून वापरू नका. दारूचं नाव छापलेली पेटी पाहिली की काउंटरवर प्रश्न सुरू होतात, काही देशांचं टपाल ती घेतही नाही. पण त्यांच्या कप्प्यांच्या पट्ट्या कापून भरण म्हणून वापरा, झकास काम होतं.

पायरी ४: भरण

इथे एक समई डोळ्यांसमोर घेऊ. साधी, वीतभर उंचीची, वर तेलाची वाटी आणि वाटीला पाच चोची.

ती आधी दोन दिवस उन्हात ठेवायची. भाजलेली माती कोरडी दिसते पण ओल धरते, आणि बंद पेटीत तीच ओल कागदाला बुरशी आणते. मग पोकळ दांड्यात तपकिरी कागदाचा बोळा, हलक्या हाताने. ठासून भरलात तर धक्क्यात माती आतून तडकते. चोची सगळ्यात आधी तुटतात. त्यांच्याभोवती पुठ्ठ्याची दोन बोटं रुंद पट्टी गोल वळवायची, चोचींच्या टोकापेक्षा थोडी वर येईल अशी, म्हणजे मार पट्टी खाते. त्यावर हनीकॉम्ब कागदाचे दोन वेढे. हा कागद सपाट येतो, ओढला की मधमाशीच्या पोळ्यासारखा उघडतो. बबल रॅपची जागा मातीच्या वस्तूसाठी तो बऱ्यापैकी भरून काढतो. पातळ काचेसाठी मात्र माझा त्याच्यावर तितका भरवसा नाही, तिथे मी अजून दोन वेढे जास्त देते.

गुंडाळलेली समई आतल्या खोक्यात अशी बसली पाहिजे की बोट सरकू नये. आतला आणि बाहेरचा खोका यांत सगळ्या बाजूंनी निदान दोन इंच जागा, तीत पुठ्ठ्याचा चुरा. चुरा दाबून भरायचा. सैल भरलेला चुरा वाटेत खाली बसतो आणि वर पोकळी तयार होते. खोका बंद करून कानाशी धरा आणि हलवा. काही वाजलं तर उघडा. दुसऱ्यांदा उघडायचा कंटाळा येतो, म्हणूनच हे सांगतेय.

थर्मोकोलचे दाणे टाळा. पेटी उघडली की ते घरभर उडतात, आणि बहुतेक ठिकाणी घरगुती पुनर्वापरात घेतही नाहीत. अंड्यांच्या ट्रेसारखा साच्यातला लगदा मिळाला तर छान, पण कोरा. वापरलेले ट्रे खाण्याच्या अवशेषांमुळे अडकतात. न खाण्याच्या वस्तूंना वर्तमानपत्र चालतं, शाईचे डाग मात्र पांढऱ्या वस्तूवर उतरतात. त्याचा एक फायदाही आहे. स्विंडनच्या एका गोंयकार गिऱ्हाइकाने मला कळवलं होतं की समईपेक्षा आधी त्यांनी चुरगळलेलं मराठी वर्तमानपत्र सरळ करून वाचलं.

पायरी ५: टेप आणि चिन्हं

पुठ्ठ्याच्या खोक्याला प्लास्टिकची टेप लावली की उघडणाऱ्याला ती सोलून काढावी लागते, आणि तो काढत नाही. पाणी लावून चिकटवायची तपकिरी कागदी टेप घ्या; तिचा डिंक स्टार्चचा असतो, ती पुठ्ठ्याबरोबर तशीच लगद्यात जाते. पुठ्ठ्याशी तिची पकड इतकी पक्की बसते की कुणी मधे पेटी उघडली तर फाटलेलं दिसतं. जूनमध्ये मात्र ही टेप रोलवरच स्वतःला चिकटते. मी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात ठेवते.

"नाजूक" असं मराठीत किंवा इंग्रजीत लिहून फ्रँकफर्टच्या हमालाला काय कळणार? पेला, वर जाणारे दोन बाण आणि छत्री ही आंतरराष्ट्रीय चिन्हं रबरी शिक्क्याने मारा. स्टिकर नको.

पायरी ६: पाडून बघा

पाठवण्याआधी एक पेटी स्वतः पाडायची. याची रीतसर पद्धत आहे: साडेनऊ किलोपर्यंतची पेटी ७६ सेंटिमीटरवरून, म्हणजे साधारण जेवणाच्या टेबलाच्या उंचीवरून, दहा वेळा. एकदा कोपऱ्यावर, मग त्या कोपऱ्याला मिळणाऱ्या तीन कडांवर, मग सहाही बाजूंवर. कठीण जमिनीवर, गादीवर नाही. दहा झाल्या की उघडा. माझ्या पहिल्या चाचणीत समई वाचली, पण एक चोच गेली. पुठ्ठ्याच्या पट्टीची युक्ती तिथून आली. मोठ्या ऑर्डरसाठी रीतसर प्रमाणपत्र हवं असेल तर मुंबईतली इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ पॅकेजिंग अशा चाचण्या करून देते.

समुद्रमार्गाने पाठवणाऱ्यांनी यात धक्क्यांबरोबर थरथरही धरावी. मुरगाव बंदर दाराशी असलं तरी छोटा माल पुष्कळदा ट्रकने न्हावा शेवाला जातो, आणि त्या रस्त्याचं मी काय सांगावं.

पायरी ७: पावसाळा

हे सगळं डिसेंबरात शिकलात तर जुलैत पुन्हा शिकावं लागेल. गोव्यात पावसाळ्यात ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि पुठ्ठा हवेतली ओल चहात बुडवलेल्या पावासारखी पितो. हवेतली आर्द्रता ९० टक्क्यांपर्यंत गेली की खोक्याची वजन पेलण्याची ताकद जवळजवळ निम्मी होते. म्हणून रिकामे खोके चिऱ्यांच्या भिंतीला टेकवून किंवा जमिनीवर ठेवू नका. फळीवर, भिंतीपासून वीतभर लांब, वर कापड. पावसाळ्यापुरता मी थ्री प्लायऐवजी फाइव्ह प्लायच वापरते. पुठ्ठा जास्त लागतो, पण बसलेल्या खोक्यापेक्षा परवडतो.

जहाजाच्या कंटेनरमध्ये दिवसा तापतं, रात्री निवतं, आणि छताला धरलेलं पाणी खाली ठिबकतं. अशा मालाला ओल शोषणाऱ्या पुड्या हव्यातच. त्या मातीच्या किंवा साध्या सिलिकाच्या घ्या. निळ्या मण्यांची सिलिका नको. त्यातला कोबाल्ट क्लोराइड युरोपच्या घातक रसायनांच्या यादीत आहे. बुरशी मारणारी डीएमएफची (डायमिथाइल फ्युमरेटची) पुडी तर चुकूनही नको, युरोपने ती २००९ मध्येच बंद केली.

पायरी ८: छापताना जिभेला लगाम

"बायोडिग्रेडेबल" हा शब्द खोक्यावर छापायचा मोह होतो. आवरा. कंपोस्ट होणाऱ्या बहुतेक पिशव्या औद्योगिक भट्टीत, ५८ अंशांच्या आसपास, कुजतात. कुणाच्या परसातल्या ढिगात त्या महिनोन् महिने तशाच दिसतात. आणि "ऑक्सो-डिग्रेडेबल" म्हणून कुणी पिशवी विकायला आला तर त्याला चहा पाजून परत पाठवा. ती कुजत नाही, तिचे बारीक तुकडे होतात. युरोपीय संघात ३ जुलै २०२१ पासून तिच्यावर बंदी आहे. खोक्यावर एवढंच लिहा: खोका, टेप आणि भरण, सगळं कागदाच्या डब्यात. जे खरं आहे तेच, आणि उघडणाऱ्याला उपयोगी.

युरोपला पाठवणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. जर्मनीतल्या घरगुती गिऱ्हाइकाला थेट विकत असाल तर पॅकिंगची नोंद तिथल्या ल्युसिड नोंदवहीत करावी लागते. एका पेटीपासून, लहान-मोठं असा भेद नाही. आणि युरोपीय संघाचा पॅकिंगवरचा नवा कायदा ११ फेब्रुवारी २०२५ ला अमलात आला, त्याच्या बहुतेक तरतुदी १२ ऑगस्ट २०२६ पासून लागू. त्यात पुढे ऑनलाइन विक्रीच्या पेट्यांत रिकामी जागा निम्म्याहून जास्त नको असंही येणार आहे, आणि चुरा भरलेली जागाही रिकामीच धरली जाते. दोन खोक्यांची माझी पद्धत तेव्हा पुन्हा मोजून बघावी लागणार.

एक वही करा. तारीख, देश, खोक्याचं माप, काट्यावरचं वजन, मापाचं वजन, आणि समोर एक रिकामा रकाना: काय फुटलं, कुठे फुटलं. पेटी बंद करण्याआधी आतला एक फोटो काढून ठेवा. भरपाईचा प्रश्न आला तर तोच कामी येतो. गिऱ्हाइकालाही पेटी उघडतानाचा फोटो मागा, बहुतेक जण आनंदाने पाठवतात. माझ्या वहीत सगळ्यात जास्त वेळा लिहिलेला शब्द अजून "चोच" हाच आहे.